वाईट बातमी मालकापर्यंत किती वेळात पोचते? छोट्या धंद्यात लीडरशिप कशी करायची, सविस्तर

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, काकती, ऑटोनगर, कुठल्याही फाउंड्रीच्या (लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्याच्या) शेडमध्ये जावा, गोष्ट बऱ्यापैकी सारखीच ऐकायला मिळते. सकाळी मोल्डिंगवरच्या पोराला कळतं की आज सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या वाळूत, पाणी जास्त झालंय, मूठ आवळली की हाताला कळतंय त्याला. दुपारी कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, फेटलिंगला (घासून साफ करायला) आलं की तिथल्या मामांना एक-दोन ब्लोहोल (वायूमुळे पडलेली छिद्रं) दिसतात. संध्याकाळी सुपरवायझरला कळतं, तो म्हणतो बघू उद्या, वरवर तर बरं दिसतंय. आणि मालकाला कळतं आठवड्याने, जेव्हा पुण्याच्या कस्टमरचा मेल येतो की मशिनिंगमध्ये छिद्रं उघडी पडली, अख्खा लॉट परत घेऊन जावा. मधल्या आठवड्यात त्याच सँडमध्ये अजून किती मोल्ड भरले, भट्टीच्या किती हीट ओतल्या, किती वीज जळली, ते कुणी मोजत बसत नाही.

लीडरशिपवर भाषणं भरपूर होतात, व्हिजन, मोटिव्हेशन, टीमवर्क, सगळं ठीक आहे. पण दहा ते साठ माणसांच्या धंद्यात, मग ती फाउंड्री असू दे, सीएनसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं) जॉबवर्क असू दे, खानापूरकडची काजू फॅक्टरी, वडगाव-शहापूरचे माग किंवा निपाणीतली तंबाखूची वखार, मला एकच माप खरं वाटतं. धंद्यात काही बिघडलं की ते मालकाला किती वेळात कळतं? ज्याला त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाला कळतं तो चांगला लीडर, मग तो बोलायला लाजरा असला तरी चालतंय. आणि ज्याला सगळ्यात शेवटी कळतं त्याच्याकडे कितीही धडाडी आणि ओळखी असल्या तरी तो अंधारात गाडी हाकतोय. चांगली गोष्ट ही की हे जन्मजात असावं लागत नाही, बसवता येतं. कसं ते क्रमाने लिहितो, आणि एकदम सगळं सुरू करू नका, एकेक करा.

आधी वही घ्या

साधी शाळेची वही चालेल. मागच्या दोन-तीन महिन्यांत जे जे बिघडलं त्यातल्या पाच-सहा गोष्टी लिहा. रिजेक्शन, मशीन बंद पडणं, माल उशिरा जाणं, कुणी अचानक काम सोडणं, कुठं पैसे अडकणं, असं काहीही. प्रत्येकीसमोर तीन रकाने करा: नेमकं कधी घडलं, सगळ्यात आधी कुणाला माहीत होतं, आणि तुम्हाला कधी व कुणाकडून कळलं.

दुसरा रकाना भरायला लोकांशी बोलावं लागेल. केबिनमध्ये बोलावून विचारू नका, मशीनपाशी जाऊन किंवा चहाच्या वेळी विचारा, एकेकट्याला. प्रश्न असा पाहिजे: "तुला हे कधी लक्षात आलं होतं?" एवढाच. "मग सांगितलं का नाहीस?" हे विचारलं की पुढची माणसं तोंड उघडणार नाहीत, कारण पहिल्याने बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलेलं असतं की मालक चौकशी करायला लागलेत.

वही भरली की बघा बातमी कुठं थांबते. बहुतेक वेळा ती एखाद्या सुपरवायझरपाशी किंवा मुकादमापाशी थांबलेली दिसेल. त्याच्यावर लगेच डाफरू नका. बऱ्याचदा तो माणूस वर्षानुवर्षं वरचा राग स्वतः झेलून खालच्या पोरांना वाचवत आलेला असतो, म्हणजे बातमी थांबण्याचं कारण तुम्ही स्वतः असू शकता. बातम्या सगळ्या बाहेरूनच येत असतील, कस्टमर, बँक, कच्चा माल देणारा, तर ते जास्त गंभीर, याचा अर्थ आतलं कुणीच बोलत नाहीये. आणि ठेकेदाराची माणसं असतील तर बिहार-झारखंड-ओडिशाकडच्या पोरांची प्रत्येक अडचण ठेकेदारापाशी अडते, कारण त्याला काम टिकवायचं असतं. त्या पोरांना महिन्यातून एकदा तरी ठेकेदार नसताना भेटा, खोलीत पाणी येतं का, पैसे पूर्ण हातात पडतात का, इथनं सुरुवात करा, मशीनचं ते आपोआप सांगतील.

बातमी आल्यावरचा पहिला मिनिट

माझ्या मते सगळी लीडरशिप या एका मिनिटात आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

एका जॉबवर्कच्या शेडमध्ये मी स्वतः उभा असताना घडलेलं सांगतो. हुक्केरीकडचा पोरगा सीएनसी लेथवर होता, ४२ मिलिमीटरचा बोअर (आतलं भोक), एच-७ म्हणजे वर फक्त २५ मायक्रॉनची सूट. इन्सर्ट (कापायचं पातं) बदलल्यावर वेअर ऑफसेट (पात्याच्या झिजेची दुरुस्ती) टाकताना ०.०५ च्या ठिकाणी ०.५ पडलं, पहिला पीस चेक करायचा राहिला आणि बोअर जवळजवळ अर्धा मिलिमीटर मोठा होत गेला. अठरा पीस झाल्यावर त्याने गेज लावला. पोरगा सरळ मालकाकडे आला.

"मालक, अठरा पीस गेले री. माझ्याकडनंच गेले."

"मशीन थांबवलीस?"

"होय री."

"पुढं गेलेत का कुठले? प्लेटिंगला, पॅकिंगला?"

"नाही री, सगळे ट्रेमध्येच आहेत."

"बरं केलंस लगेच आलास ते. लाल पेंट मार सगळ्यांना, बाजूला ठेव, फोरमनमामांना बोलाव. तू आधी चहा घे, मग तिघं बसून बघू कसं झालं."

एवढंच. अठरा कास्टिंग आणि त्यावरचं मशिनिंग गेलं, नुकसान झालंच, पण शेजारच्या मशीनवरची पोरं कान देऊन ऐकत होती आणि मालकाला चूक सांगितली की काय होतं ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं. संध्याकाळपर्यंत प्रत्येक मशीनवर एक कागद चिकटला: इन्सर्ट बदलला की पहिला पीस दुसऱ्याने मोजायचा आणि सही करायची. पोराला कुणी लेक्चर दिलं नाही, त्याची गरजही नव्हती.

तर क्रम असा ठेवा. पहिला प्रश्न: धोका अजून पुढं जातोय का, काय थांबवायला पाहिजे? दुसरा: किती माल, कुठला लॉट, आत्ता कुठं आहे? तिसरा: माझ्याकडून तुला आत्ता काय पाहिजे? कुणी केलं हा प्रश्न त्या दिवशी शेवटी, आणि तोही "कसं झालं" असा विचारायचा.

दोन वाक्यं कायमची बंद करा. एक, "तुला पगार कशाला देतो?" दुसरं, जे चांगले मालकही सहज बोलून जातात: "हे मला आत्ता सांगतोस?" ऐकणाऱ्याला यातनं एवढंच कळतं की उशीर झाला असेल तर न सांगितलेलंच बरं. उशिरा सांगितलं तरी आधी "बरं झालं सांगितलंस" म्हणा, उशिराचं कारण दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारा.

तुमचा स्वभाव तापट असेल तर स्वभाव बदलायची वाट बघू नका, फक्त पद्धत बदला. फोनवर वाईट बातमी आली की "येतो, तोवर मशीन बंद ठेवा" एवढंच बोला आणि जागेवर जावा, चालत जाईपर्यंत निम्मा राग उतरतो. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणालाही झापू नका, कधीच. तिथं एकाचा अपमान म्हणजे साठ जणांसमोर केलेला अपमान, तो स्क्रीनशॉट होऊन त्याच्या घरापर्यंत जातो.

मग शिस्तीचं काय, असं लगेच कुणीतरी विचारतं. शिस्त पाहिजेच. पण तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: चूक, बेपर्वाई आणि लपवणं. चूक झाली आणि त्याच दिवशी सांगितली तर पैसे कापायचे नाहीत, हे सगळ्यांसमोर जाहीर करा आणि पहिल्याच मोठ्या नुकसानीला पाळून दाखवा, तिथंच सगळ्यांची परीक्षा असते, तुमची पण. सांगूनसुद्धा तीच गोष्ट परत परत झाली तर ती बेपर्वाई, आधी समज द्या, मग लेखी द्या. आणि लपवलं, रिजेक्ट पीस गुपचूप चांगल्या मालात घातला, तर तिथं ढिलाई नको. पगारातून दंड कापणारे बरेच आहेत आपल्याकडे, त्यांनी हेही लक्षात घ्यावं की कायद्याने दंड महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही आणि आधी त्या माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं.

चार भाषांची शेड

आपल्याकडचा प्रश्न पुण्या-मुंबईच्या लीडरशिपच्या क्लासमध्ये कुणी शिकवत नाही. एका शेडमध्ये मराठी मालक, बैलहोंगल-सौंदत्तीकडचे कन्नड ऑपरेटर, ऑटोनगरच्या बाजूचे दख्खनी बोलणारे फिटर आणि उत्तरेकडची हिंदी पोरं. सूचना कुठल्याही भाषेत दिली तरी मान डोलावली जाते. पण वाईट बातमी माणूस स्वतःच्याच भाषेत नीट सांगू शकतो, परक्या भाषेत तो फक्त "मशीन खराब" एवढंच बोलतो आणि खरं कारण त्याच्या पोटात राहतं.

त्यामुळे मालकाने आणि प्रत्येक सुपरवायझरने कामापुरतं कन्नड शिकलंच पाहिजे, आणि कन्नड मालक असेल तर त्याने कामापुरतं मराठी. सकाळी शेडमध्ये शिरताना "ऊटा आतेन्री?" (जेवण झालं का?) एवढं विचारलं तरी माणूस दोन वाक्यं जास्त बोलतो. भाषण करायचं नाहीये, ऐकून समजलं पाहिजे. समोरच्याला त्याच्या भाषेत बोलू द्या, तुम्ही तुमच्या भाषेत उत्तर द्या, आपल्या भागात निम्मी घरं अशीच बोलतात, त्यात कमीपणा काही नाही.

कामाच्या सूचना फोटोंनी लावा. चांगलं कास्टिंग, शेजारी खराब कास्टिंग, खराब जागेवर लाल गोल, खाली दोन-तीन भाषांत एकेक ओळ. त्याहून चांगलं म्हणजे खरे तुकडेच बोर्डवर तारेने बांधून टांगा: ब्लोहोल असा असतो, कोल्डशट असा दिसतो, मिसरन म्हणजे हे. नवीन पोरगा अर्ध्या तासात डोळ्याने शिकतो. आणि सूचना दिली की "समजलं ना?" विचारू नका, त्याला सगळेच होय म्हणतात. "आता तू काय करणार सांग बघू" असं विचारा, मग कळतं किती पोचलं.

आता सीमाप्रश्नाबद्दल, कारण टाळून चालत नाही. प्रत्येकाला स्वतःचं मत आहे आणि ते असायचंच, पिढ्यानपिढ्या घराघरात जपलेली भावना आहे. पण शेडमध्ये लीडर म्हणून उभं राहिलात की तुमच्यासमोर दोन्हीकडची माणसं आहेत आणि दोघांनीही तुम्हाला खरं सांगावं अशी तुमची गरज आहे. त्यामुळे दुसऱ्याच्या भाषेवरनं टोमणा, चेष्टा, ग्रुपवर फिरणारे व्हिडिओ, यातलं काहीही शेडमध्ये चालणार नाही हे तुम्ही स्वतः पाळून दाखवा. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव असतो आणि दुसरीकडे मराठी लोकांचा काळा दिवस, त्याच्या आठवडाभर आधीच शिफ्टचं ठरवून टाका, कुणाला कुठं जायचंय हे कुणालाच विचारायची वेळ येऊ नये अशी सुट्टी किंवा बदली शिफ्ट द्या. वातावरण तापलं की कोल्हापूर-बेळगावच्या दोन्हीकडच्या बस बंद होतात, कधी गाड्या अडतात, हे नवीन नाही, तर डिसेंबरात बेळगावातल्या विधिमंडळ अधिवेशनाच्या काळात आणि अशा तारखांच्या आसपास दोन दिवसांचा तयार माल कोल्हापूरच्या कस्टमरकडे आधीच पोचवून ठेवा. ही बातमी तुम्हाला महिनाभर आधी माहीत असते, हिला तरी उशीर नको.

तेच सणांचं. गणपती, शिवजयंतीचे चित्ररथ, बसव जयंती, ईद, यल्लम्माची यात्रा, आणि गावोगावच्या लक्ष्मीच्या जत्रा, काही गावांत त्या बऱ्याच वर्षांनी येतात आणि मग ते अख्खं गाव आठवडाभर कामावर नसतं. वर्षाच्या सुरुवातीला भिंतीवर एक मोठं कॅलेंडर लावा आणि प्रत्येकाला आपल्या गावची जत्रा त्यावर लिहायला सांगा. लोक आनंदाने लिहितात, आणि "आजी वारली" म्हणून येणारे फोन कमी होतात.

दहा मिनिटं, उभ्याने

रोज शिफ्ट सुरू होताना एका व्हाइटबोर्डपाशी सगळ्यांनी उभं राहायचं. खुर्च्या नकोत. बोर्डावर चार रकाने: काल किती झालं, किती गेलं, काय अडलंय, कोण बघणार आणि कधीपर्यंत. बोलायचा क्रम महत्त्वाचा, सगळ्यात नवा किंवा ज्युनिअर माणूस आधी, मग सीनिअर, मग फोरमन, मालक शेवटी. मालक आधी बोलला की बाकीचे फक्त त्याला पाठिंबा देतात.

ही मीटिंग महिनाभरात मरते, आणि मरायचं कारण ठरलेलं असतं, तिसऱ्या रकान्यात लिहिलेल्या गोष्टींचं पुढं काही होत नाही. पोरगा तीन दिवस सांगतो की ग्राइंडरचा गार्ड सैल झालाय आणि तीन दिवस "बघतो" असं उत्तर मिळतं, चौथ्या दिवशी तो बोलत नाही. म्हणून नियम करा, जे लिहिलं गेलं त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी बोर्डापाशी द्यायचंच, "झालं", "अमुक तारखेला होईल" किंवा "हे आपण करणार नाही, कारण असं आहे". नकार चालतो लोकांना, गप्प बसणं चालत नाही.

बायका जिथं जास्त काम करतात, काजू सोलाईला, पॅकिंगला, तंबाखूत, तिथं घोळक्यात पुरुष मालकासमोर त्या बोलणार नाहीत. त्यांच्यातलीच एखादी वयाने मोठी अक्का किंवा मावशी निवडा, जिच्यावर त्यांचा विश्वास आहे, तुमचा लाडका माणूस नको, आणि तिला थेट तुमच्याशी किंवा घरातल्या बाईशी बोलायची मुभा द्या. टॉयलेटला पाणी नाही, काजूच्या तेलाने हात भाजतात आणि ग्लोव्हज संपलेत, मुकादम वाईट बोलतो, या बातम्या दुसऱ्या कुठल्याच वाटेने तुमच्यापर्यंत येणार नाहीत.

विचारून कर, सांगून कर, करून सांग

मालक गोव्याला लग्नाला गेले की काम ठप्प, हे कौतुकाने सांगणारे लोक भेटतात. ते कौतुक नाहीये. अधिकार वाटून द्यायला हिंमत लागते पण पद्धत सोपी आहे. धंद्यातल्या रोजच्या निर्णयांची यादी काढा आणि प्रत्येकासमोर तीनपैकी एक लिहा. मोठं मशीन घेणं, नवा कस्टमर, कुणाला काढणं, हे विचारून कर. ओव्हरटाइम लावणं, शिफ्ट बदलणं, सांगून कर. दोन हजारापर्यंतचा स्पेअर पार्ट, जवळच्या वर्कशॉपमधनं वेल्डिंग, हे करून सांग. रक्कम तुमच्या धंद्याप्रमाणे ठरवा, दर सहा महिन्यांनी काही गोष्टी पहिल्या गटातनं दुसऱ्यात सरकवा.

आणि एक अधिकार सगळ्यांना द्या, अगदी हेल्परलासुद्धा: शंका आली तर काम थांबवायचा. ज्याने थांबवलं त्याची शंका खोटी निघाली तरी त्याला बोलायचं नाही. फर्नेसपाशी तर हा अधिकार जिवाचा आहे, ओलं स्क्रॅप वितळलेल्या लोखंडात पडलं की पाण्याची एकदम वाफ होऊन धातू बाहेर उडतो, तिथं "साहेबांना विचारून सांगतो" म्हणायला वेळ नसतो.

माणूस ओळखणं

या मातीत याचं फार मोठं उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर, जन्म १८६९, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. पुढं बेळगावातली जागा सोडावी लागली आणि १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती त्यांनी जमवलेली माणसं. शाळा अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर तिथं कल्पक इंजिनिअर झाले. अभ्यासात न चमकलेले के. के. कुलकर्णी मॅनेजर झाले, अडलेली कामं सोडवणारे. मंगेशराव रेगे हिशोब आणि माणसं दोन्ही सांभाळायचे. दरोड्यात शिक्षा झालेल्या माणसांना वाडीच्या राखणीवर ठेवलं आणि ते विश्वासू ठरले. आजच्या भाषेत यातल्या निम्म्यांचा बायोडेटा पहिल्याच चाळणीत पडला असता.

तुमच्यासाठी यातनं करायचं काम: प्रत्येक माणसाचं नाव लिहा आणि समोर एक गोष्ट लिहा जी तो इतरांपेक्षा चांगली करतो पण आत्ता त्याला ते काम दिलेलं नाही. ज्याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही त्या माणसाला तुम्ही ओळखतच नाही, त्याच्यासोबत त्या आठवड्यात अर्धा दिवस उभं राहा. फेटलिंगवरचा एखादा पोरगा मशीनचा आवाज ऐकून बेअरिंग जाणार म्हणून सांगतो, त्याला मेंटेनन्समध्ये टाका. आयटीआयच्या पोरांना वर्षभर झाडूकाम लावून ठेवायचं आणि मग पोरं टिकत नाहीत म्हणायचं, हे बंद व्हायला पाहिजे.

घरचे दोन मालक

बेळगाव भागात बहुतेक धंदे घरचे. मोठे अण्णा एक सांगतात, इंजिनिअर होऊन आलेला मुलगा दुसरं सांगतो, कामगार दोघांनाही होय म्हणतो आणि वाईट बातमी घेऊन जो कमी ओरडेल त्याच्याकडे जातो. उपाय कडक आहे पण एकच आहे. कुठल्या विषयात शेवटचा शब्द कुणाचा हे कागदावर लिहा, उत्पादन मुलाचं, खरेदी आणि बँक वडिलांची, असं काहीही, आणि दुसऱ्याने शेडमध्ये तो शब्द मोडायचा नाही. पटलं नाही तर रात्री जेवताना भांडा.

पैशाच्या बातम्या

बातमी वर यावी असं वाटत असेल तर खालीही गेली पाहिजे. पगार महिना संपल्यावर ७ तारखेच्या आत हातात पडला पाहिजे, कायदाही तेच सांगतो. पण एखाद्या महिन्यात कस्टमरचे पैसे अडकले आणि उशीर होणार असं दिसलं तर ७ तारखेची वाट बघू नका, ३ तारखेलाच उभं राहून सांगा: अमुक तारखेला देतो, ज्याला घरभाडं, शाळेची फी, दवाखाना अडलाय त्याने आज मला भेटावं, त्याचं आधी करतो. माणसं समजून घेतात. न सांगता उशीर झाला की कँटीनमध्ये कंपनी बुडाल्याची बातमी तयार होते आणि चांगली माणसं आधी जातात, कारण त्यांना कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित एमआयडीसीत नाहीतर गोव्याला वेर्ण्याला लगेच काम मिळतं.

पैसे अडकण्यावरही थोडं. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केली असेल तर तुमच्या मालाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं घेणाऱ्यावर बंधनकारक आहे, २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे, आणि १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद लागू आहे की मुदतीत दिले नाहीत तर त्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा करता येतो. फक्त ट्रेडिंग करत असाल तर हे तसंच लागू होईल असं धरू नका, सीएला विचारा. बिलावर उद्यम नंबर छापा आणि नम्रपणे आठवण करून द्या.

पीएफ २० माणसांना, ईएसआय १० माणसांना आणि २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला, बोनस कमीत कमी ८.३३ टक्के, हे आकडे भिंतीवर लावा, स्वतःहून. उचल दिली की त्याच्या समोर वहीत लिहा आणि त्याची सही घ्या. बेळगावातच सुरेश हुंदरे आणि त्यांची पॉलिहायड्रॉन ही हायड्रॉलिक्सची कंपनी पारदर्शक, स्वच्छ कारभारासाठी ओळखली गेली, म्हणजे हे आपल्या गावात होत नाही असं म्हणायला जागा नाही.

कस्टमरला आधी तुम्ही सांगा

आतली बातमी वेळेत यायला लागली की पुढची पायरी ही. माल उशिरा जाणार किंवा लॉटमध्ये शंका आहे हे कळलं की त्याच दिवशी कस्टमरला फोन करा, मग मेल. फोनवर पाच गोष्टी: काय झालं, कुठला लॉट आणि किती पीस, त्यातले त्याच्याकडे किती पोचलेत, आम्ही आत्ता काय करतोय, आणि चांगला माल किती वाजता कुठल्या गाडीने येतोय. "लाइट गेली होती" हे सांगू नका, हेस्कॉमचं (इथल्या वीज कंपनीचं) रोजचंच असतं आणि समोरच्याला ते माहीत आहे. शेवटी जी वेळ सांगाल ती एक दिवस वाढवूनच सांगा आणि मग पाळा. हा फोन फोरमनच्या समोर करा, स्पीकरवर, म्हणजे मालकसुद्धा वरच्याला वाईट बातमी वेळेत सांगतो हे त्याला दिसतं.

सोडून जाणारा माणूस

शेवटचं काम, जे बहुतेक जण करत नाहीत. कुणी नोटीस दिली, पुण्याला किंवा बेंगळुरूला चाललाय, तर रुसू नका, पगार अडवू नका. नव्या वेतन कायद्याप्रमाणे राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता करायचा असतो. हिशोब हातात दिल्यावर, आधी नाही, त्याच्यासोबत वीस मिनिटं बसा आणि विचारा: इथं असं काय आहे जे सगळ्यांना माहीत आहे आणि मला माहीत नाही? त्याला आता तुमची भीती नसते. जे सांगेल ते मध्ये न बोलता लिहून घ्या, खुलासे देऊ नका. त्यातली निदान एक गोष्ट त्याच आठवड्यात दुरुस्त करा, आणि सकाळच्या बोर्डावर लिहा की ती कुणी सांगितली म्हणून झाली, अर्थात त्याला आधी विचारून.

त्याच्या जागी नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी मशीन दाखवायच्या आधी त्याला तुमचा मोबाइल नंबर द्या, टांगलेले खराब तुकडे दाखवा, आणि मागच्या महिन्यात ज्याने स्वतःची चूक स्वतः येऊन सांगितली त्या माणसाच्या शेजारी त्याला कामाला उभा करा.